एलिस बेटावर उतरणारी दहा वर्षांची मुलगी: काय ठेवावं, काय गाळावं

तुमच्या कथेच्या आराखड्यात १९०७ साली रशियन साम्राज्यातल्या मिन्स्कहून आई आणि मोठ्या भावासोबत निघालेली दहा वर्षांची ज्यू मुलगी आहे. वडील आधीच न्यूयॉर्कला गेलेत. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर, म्हणजे अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, अधिकारी तिचं नाव बदलतो, हा प्रसंग मात्र आधी काढा. प्रवाशांची यादी बोटीच्या कंपनीचे कारकून निघण्याच्या बंदरातच भरत. बेटावरचा निरीक्षक ती समोर ठेवून, लागेल तिथे दुभाषा घेऊन, २९ प्रश्न पडताळत असे. नाव बदलायचंच असेल तर पुढे शाळेत बदलू द्या, किंवा घरच्यांनाच बदलू द्या. तिथे ते जास्त बोचेल.

खरा ताण डॉक्टरांपाशी आहे. जिना चढतानाच कोणाला धाप लागते, कोण लंगडतं हे ते हेरत आणि संशय आला की कपड्यांवर खडूने अक्षर काढत: लंगडेपणाला ‘एल’, हृदयाला ‘एच’. खुपऱ्या (डोळ्यांचा संसर्गजन्य आजार) पाहायला पापणी उलटी करत, त्यासाठी अनेकदा बुटांची बटणं लावायचा आकडाच वापरत. एवढ्या लहान मुलीला खुपऱ्या निघाल्या आणि परत धाडायचं ठरलं, तर आईलाही परतावं लागणार. ही भीती मुलीला आधीपासून ठाऊक असू द्या. एकूण परत पाठवलेले साधारण २ टक्केच, त्यामुळे सगळ्या बोटीवर रडारड नको.

भावाला विचारतील, “काम ठरलंय का?” उत्तर ‘नाही’ हवं, कारण १८८५च्या कायद्याने आधी करार करून मजूर आणायला बंदी होती. मुलगी मध्येच “हो, काकांच्या दुकानात!” म्हणाली, की एक प्रकरण तयार. वडील न्यायला वेळेवर आले नाहीत, तरी मायलेकी अडकतात.

खाण्यात फार चुका होतात. बेटावर कोशेर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे चालणारं, स्वयंपाकघर १९११ साली आलं. त्याआधी कर्मठ घरातली माणसं पाव, खारवलेले हेरिंग मासे, उकडलेली अंडी यांवर भागवत. घरची भाषा यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) ठेवा, हिब्रू प्रार्थनेपुरती. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंची विश्रांतीची वेळ, त्यात आई पैशाला हात लावणार नाही, लिहिणार नाही, तेव्हा उतरण्याचा वार बघून ठरवा. जुन्या दिनदर्शिकेमुळे रशियातली तारीख तेव्हा १३ दिवस मागे असे, वडिलांच्या पत्रांत हे हमखास चुकतं.

तिकीट तळाच्या वर्गाचंच हवं, वरच्या दोन वर्गांची तपासणी बहुधा बोटीवरच उरकत असे. आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरची एमा लॅझरसची ‘द न्यू कोलॉसस’ ही प्रसिद्ध कविता कोणाला डेकवरून वाचायला लावू नका. ती कोरलेला, १९०३ साली बसवलेला फलक चौथऱ्याच्या आत होता.