केटामाइनच्या सलाइनने गर्द कायमचं सुटेल का?

प्रश्न : डॉक्टर, मी कोपरखैरण्याला राहते. माझा भाऊ २८ वर्षांचा आहे, सहा वर्षं गर्दवर (म्हणजे भेसळीचं हेरॉइन) होता, दोनदा अ‍ॅडमिट केलं आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर महिनाभरात परत सुरू. आता सात महिने जिभेखालची ब्यूप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे आणि खरं सांगते, खूप बरा आहे, पहाटे उठून वाशीला मार्केटमध्ये कामाला जातो. पण आईचं एकच, की एक नशा सोडून दुसरी लावून घेतली. मावसभावाने वाचलं की परदेशात केटामाइनचं सलाइन आणि माइंडफुलनेस (मनात आणि अंगात काय चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायचा सराव) दोन्ही देऊन व्यसन सोडवायचे प्रयोग चालू आहेत. ओळखीतला एक जण म्हणाला इथेही सोय होते, फक्त गोळी आधी बंद करायची. करू का?

उत्तर : ताई, गोळी बंद करू नका. आज हे एवढंच वाचून पेपर बाजूला ठेवलात तरी चालेल.

कारण सांगतो. गोळी तोडली की दोन-तीन दिवसांत टर्की सुरू होते, जांभया, नाक गळणं, पायात गोळे, रात्रभर डोळा नाही, हे तुमच्या घराने दोनदा बघितलंय. पण जिवावर बेतायची वेळ त्याच्या नंतर येते. अंगाची सवय उतरलेली असते आणि माणूस परत घेतो तेव्हा हात जुन्याच मापाने घेतो, मग झोपेतच श्वास मंदावत जातो आणि शेजारी झोपलेल्याला कळतही नाही. या गोळीवर किंवा मेथाडोन या तशाच दुसऱ्या औषधावर टिकून राहणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. आईंना म्हणावं, नशा करणारा माणूस पहाटे उठून मार्केटला जात नाही. रोज बीपीची गोळी घेणाऱ्याला आपण नशेबाज म्हणतो का?

आता केटामाइन. हे मूळचं भुलीचं औषध, अमेरिकेत १९७० मध्ये मंजूर झालं, आपल्याकडेही ऑपरेशनला वापरतात. व्यसनासाठी त्याचा विचार नवा नाहीये, रशियात हेरॉइन सोडलेल्या ७० जणांवर मानसोपचारासोबत ते वापरून बघितलं, २००२ मध्ये निष्कर्ष छापले, मोठा डोस मिळालेल्यांमध्ये जास्त जण नशेपासून लांब राहिले. माइंडफुलनेसची जोड दिलेला गाजलेला प्रयोग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला, २०१९ चा. ५५ जण, सगळ्यांना पाच आठवडे माइंडफुलनेसवर आधारलेली थेरपी, आणि फक्त एकदा ४० मिनिटांचं सलाइन, काहींना केटामाइन आणि बाकीच्यांना मिडाझोलाम म्हणजे झोपेच्या गटातलं औषध. शेवटच्या दोन आठवड्यांत केटामाइनवाल्यांतले ४८ टक्के नशेशिवाय राहिले, दुसऱ्या गटात ११ टक्के. आकडा मोठा आहे, मलाही वाचून बरं वाटलं होतं. पण ताई, ती माणसं कोकेनवाली होती. कोकेनला गर्दसारखी टर्की नसते आणि तिथे बंद करावी लागेल अशी गोळीही नसते. शिवाय केटामाइन चढलं की माणसाला कळतंच आपल्याला काय मिळालंय, त्यामुळे औषधाचा परिणाम किती आणि आशेचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. म्हणूनच ओपिऑइडवाल्यांवर, म्हणजे गर्दसारख्या अफूच्या गटातल्या नशेवाल्यांवर, या जोडीचे वेगळे प्रयोग लागतात.

जोडी का, तर शेतकरी वाफसा म्हणतो ना, तसं आहे. केटामाइननंतर काही दिवस मन जरा मोकळं होतं, जुन्या चाकोरीतून बाहेर पडणं सोपं जातं असं संशोधकांना वाटतं. पण वाफसा निघून जातो, तेवढ्यात पेरलं नाही तर जमीन परत टणक. ते पेरणं म्हणजे माइंडफुलनेस. आणि ते केटामाइनशिवायही उपयोगी पडतं. अमेरिकेतच २०२२ मध्ये २५० जणांचा अभ्यास आला, जुनाट दुखण्यासाठी ओपिऑइड गोळ्या घेता घेता गैरवापर करू लागलेले लोक, आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस ट्रेनिंगनंतर नऊ महिन्यांनी ४५ टक्क्यांचा गैरवापर थांबला होता, नेहमीच्या ग्रुप थेरपीत २४ टक्क्यांचा.

ओळखीतल्या माणसाच्या 'सोयी'बद्दल स्पष्ट लिहितो. केटामाइन आपल्याकडे २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत आहे, बीपी चढतं, भान सुटतं, वारंवार घेतलं तर लघवीची पिशवी खराब होते आणि त्याचंही व्यसन लागतं. हॉलिवूडचा नट मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये गेला तेव्हा पोस्टमॉर्टेममध्ये मुख्य कारण केटामाइनच निघालं, आणि सोबत ब्यूप्रेनॉर्फिनचाही उल्लेख होता. व्यसनातून बाहेर यायला धडपडणारा माणूस होता तो. ज्या ठिकाणी मॉनिटर नाही, भूलतज्ज्ञ नाही आणि नंतरच्या आठवड्यांचं कोणी बोलत नाही, तिथे भावाला पाठवू नका.

माइंडफुलनेस मात्र आजपासून करता येईल, गोळी चालू ठेवून. माझ्याकडे ठाण्याला येणारा एक पेशंट सांगतो, तलफ आली की त्याचा जबडा आधी आवळतो, मग तळहात ओले होतात, मग पोटात खड्डा पडतो. आधी त्याला यातलं काहीच कळायचं नाही, डायरेक्ट पाय चालायला लागायचे. आता तो जिथे असेल तिथे बसतो, लोकलमध्ये असला तर उभ्यानेच, आणि मनात म्हणतो 'जबडा, तळहात, पोट', श्वास लांब सोडतो आणि घड्याळ बघतो. बहुतेक वेळा वीसेक मिनिटांत ओसरते. भावाची तलफ अंगात कुठून सुरू होते हे त्याला विचारा, तुम्ही ओळखू नका, त्यालाच सांगू दे.

आणि कोणी दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवा म्हणालं तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा, इतके दिवस मौनात, गोळी चुकली तर बघायला कोणी नाही. अडलं तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पुढच्या तारखेला ओपीडीत जाल तेव्हा आईंनाही सोबत न्या, नशेचा तो प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारला तर बरं, भावासमोरच.