चिपवर मॅग्नेटिक बीड्सने (डीएनए चिकटवून घेणाऱ्या चुंबकीय कणांनी) डीएनए शुद्ध करून तिथेच पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) करायचा आहे. कोणता पंप घेऊ, आणि चिप पीडीएमएसची (मऊ सिलिकॉन रबराची) चालेल का?

पंप नकोच. हे मी चिडून म्हणत नाहीये. बरं, थोडं चिडूनच म्हणतेय.

तुम्ही आराखडा दिलाय तो असा: चार सिरिंज, एक चॅनेल, मध्ये चुंबक, शेवटी हीटर. बीड्स चुंबकापाशी धरून ठेवायचे आणि लायसिस बफर (पेशी फोडणारा), वॉश (धुणारा), एल्यूशन (डीएनए बीड्सवरून सोडवणारा) हे सगळं ओळीने त्यांच्यावरून वाहू द्यायचं. कागदावर हे फार देखणं दिसतं. मी एका टीममध्ये जीवशास्त्राची बाजू सांभाळत होते, तिथेही अगदी हेच चित्र फळ्यावर होतं. त्यावरून यांत्रिकी बाजूच्या प्रमुखाशी माझं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

चिप त्याने खरोखर सुंदर केली होती. रंगीत पाणी सोडून दाखवलं की बघणारे खूष. खरा नमुना घातला की मात्र पीसीआरचा आलेख, जो प्रती वाढल्या की वर चढतो, शेवटपर्यंत आडवाच. तोच नमुना, त्याच बाटलीतले बीड्स घेऊन हाताने ट्यूबमध्ये केलं की आलेख व्यवस्थित वर जायचा. साहेबांचं निदान ठरलेलं: "तुमचं एन्झाइम कच्चं आहे." मग एन्झाइम बदला, प्रायमर (प्रतीची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदला, तापवण्या-थंड करण्याच्या सायकल वाढवा. दर बैठकीत हेच.

शेवटी मी चिपमधून निघालेल्या एल्युएटमध्ये (बीड्सवरून सुटलेल्या डीएनएच्या द्रावात) माहितीतला डीएनए मुद्दाम टाकला. तोही वाढेना. म्हणजे त्या थेंबात पीसीआर मारणारं काहीतरी होतं, एवढं नक्की झालं. मग तोच एल्युएट पाण्याने दहापट पातळ केला, या वेळी वरून काही न टाकता. सगळं ठीक असतं तर एवढ्या पातळ करण्याने आलेख साधारण 3.3 सायकल उशिरा यायला हवा. इथे आधी काहीच नव्हतं आणि पातळ केल्यावर आलेख उभा राहिला! डीएनए पहिल्यापासून तिथे होता, एन्झाइमही धडधाकट होतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 230 नॅनोमीटरपाशी भलामोठा उंचवटा दिसला, तेव्हा चोरही सापडला: ग्वानिडिनियम थायोसायनेट.

या मिठाशिवाय आपलं चालत नाही. बूम आणि सहकाऱ्यांनी 1990 साली सिलिकाची पद्धत मांडली ती याच्याच जोरावर. ते पेशी फोडतं, न्यूक्लिएज (डीएनए तोडणारी एन्झाइम) निकामी करतं आणि डीएनएला सिलिकावर, म्हणजे बीड्सच्या लेपावर, बसवतं. मात्र पीसीआरमध्ये थोडं जरी शिरलं तरी पॉलिमरेजचा, म्हणजे प्रती बनवणाऱ्या एन्झाइमचा, निकाल लावतं. ते काढायला अल्कोहोलचे वॉश द्यायचे, तर मागे राहिलेलं अल्कोहोलही पीसीआरला नडतं. ट्यूबमध्ये आपण बीड्स भिंतीला ओढतो, पिपेटने तळ कोरडा करतो, चुंबक काढून बीड्स पुन्हा ढवळतो आणि शेवटी झाकण उघडं ठेवून वाळवतो. हातानं सहज होणाऱ्या या गोष्टी चिपच्या आराखड्यात कुणी मांडतच नाही.

चॅनेलमध्ये प्रवाह थरांनी वाहतो, घुसळण अशी होत नाही. चुंबकापाशी बीड्सचा जो गोळा जमतो तो ओल्या फडक्यासारखा असतो, आतलं पाणी आतच. वॉश बफर सोपी वाट धरून बाजूने निघून जातो. आतलं मीठ बाहेर यायचं ते फक्त डिफ्यूजनने, म्हणजे रेणू आपोआप पसरून. लहान रेणूला 100 मायक्रॉन पार करायला पाचेक सेकंद लागतात, पण गोळा मिलिमीटरभर जाड असला की तोच हिशेब आठेक मिनिटांवर जातो, कारण वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. काही हजार बेसचा डीएनए तर 100 मायक्रॉनलाच तासाच्या आसपास घेतो. म्हणून धरून ठेवलेल्या बीड्सवर बाइंडिंगही (डीएनए चिकटणंही) अर्धवटच होतं. व्हॉल्व्हच्या कोपऱ्यांत साठून राहणारा बफर वेगळाच.

मी म्हटलं, द्रव जागच्या जागी ठेवा आणि बीड्स हलवा. प्रत्येक बफरला आपापली खोली, दोन खोल्यांमध्ये तेल, आणि खालून चुंबक सरकवत बीड्स तेलातून पलीकडे ओढायचे. बीड्सबरोबर येतो तो फक्त त्यांना चिकटलेला ओलावा. यात माझं नवं काही नव्हतं. किंगफिशरसारखी यंत्रं तेल न वापरता हेच करतात: चुंबकाची कांडी खाचेत जाते, बीड्स उचलते, पुढच्या खाचेत सोडते. तर साहेब म्हणाले, "पण मग यात फ्लुइडिक्स कुठे आहे?" नसेना का! आपल्याला शुद्ध डीएनए हवाय. अहवालात शेवटी "एन्झाइमची अडचण" असंच छापलं गेलं, पातळ केलेल्या नमुन्याचा आलेख परिशिष्टातसुद्धा घेतला नाही.

तेलाच्या पद्धतीलाही खोडी आहेत, त्या सांगायला हव्यात. बीड्स फार कमी असले तर पृष्ठताण फोडून पलीकडे जातच नाहीत. बफरमध्ये डिटर्जंट किंवा अल्कोहोल जास्त असलं तर तेलाची भिंत ढिली पडते आणि मागून पाण्याची शेपटी येते. शिवाय तपकिरी बीड्स पीसीआरच्या खोलीत राहिले तर फ्लुरोसन्स गिळतात, त्यामुळे एल्यूशननंतर त्यांना बाजूला ओढून ठेवा. द्रव हलवणारी यंत्रं चालतच नाहीत असंही नाही. जीनएक्स्पर्ट या तपासणी यंत्राचं कार्ट्रिज पिस्टन आणि फिरत्या व्हॉल्व्हवर चालतं, पण टीबीच्या चाचणीत ते जंतू गाळणीवर अडकवून अल्ट्रासाउंडने फोडतं. बीड्सचा गोळा धुण्याची भानगडच तिथे नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नमुना किती घेणार? 1 मिलिलिटरमध्ये हव्या त्या डीएनएच्या 100 प्रती असतील आणि चिपमध्ये 5 मायक्रोलिटरच जात असतील, तर वाट्याला सरासरी अर्धी प्रत येते. सरासरी 3 प्रती मिळाल्या तरी 5 टक्के वेळा हातात शून्यच येणार, मग पीसीआर कितीही चांगला असो. बीड्सचा निम्मा उपयोग मिलिलिटरभर नमुना काही मायक्रोलिटरवर आणण्यात आहे. तेव्हा पहिली खोली मोठी ठेवा, ती "मायक्रो" दिसली नाही तरी चालेल.

पीडीएमएस: बाइंडिंग-वॉश तपासायला ठीक. 95 अंशांना त्यातून वाफ निघून जाते, बुडबुडे होतात. पीसीआरची खोली पॉलिकार्बोनेटची करा आणि मिश्रणात बीएसए (भिंती आधीच व्यापणारं प्रथिन) घाला, नाहीतर एन्झाइम भिंतींनाच चिकटून बसेल. तापमानाचे हेलकावे टाळायचे असतील तर 60 ते 65 अंशांवर चालणारा लॅम्प (एकाच तापमानावर डीएनए वाढवण्याची पद्धत) आहे, मिठालाही तो सहसा पीसीआरइतकी दाद देत नाही. पण त्याला चार ते सहा प्रायमर लागतात आणि एकदा खोलीत दूषण पसरलं की निगेटिव्ह कंट्रोलसुद्धा पॉझिटिव्ह येतात.

एवढं वाचूनही पंप घ्यायचाच असेल, कारण गाईडने आधीच मंजूर केलाय वगैरे, तर सिरिंज पंप घ्या. पेरिस्टॅल्टिकच्या हिसक्यांनी बीड्स चुंबकापासून सुटतात. वॉशच्या वेळी चुंबक दूर करून बीड्स मोकळे होऊ द्या, मग परत धरा. आणि चिपमधून पहिला एल्युएट आला की आधी तो दहापट पातळ करून चालवा, एन्झाइम बदलायचं का ते त्यानंतर बघा.