सक्रिय अनुयायी कोणाला म्हणावे आणि ते मोजावे कसे?

एखादी आध्यात्मिक चळवळ लाखो अनुयायी असल्याचे सांगते, साप्ताहिक सत्संगाला मात्र मोजकीच माणसे दिसतात, मग खरा आकडा कोणता, असा आपला प्रश्न आहे. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. जाहीर होणारा आकडा बहुधा आजवर दीक्षा घेतलेल्यांचा असतो. त्यात भर पडत राहते, पण सोडून गेलेले त्यातून क्वचितच वजा होतात. मॉर्मन चर्च या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथात तर ठावठिकाणा न लागलेल्या सदस्याचे नाव त्याच्या वयाला ११० वर्षे होईपर्यंत यादीत राहते! ब्राझीलच्या २०१० च्या जनगणनेत सुमारे २ लाख २६ हजार लोकांनी हा पंथ आपला म्हणून नोंदवला, तर चर्चच्या दप्तरी तेव्हा ११ लाखांहून अधिक नावे होती.

म्हणून कोणती कृती आणि किती कालावधीत, हे दोन्ही ठरल्याशिवाय ‘सक्रिय’ या विशेषणाला अर्थ येत नाही. यहोवाचे साक्षीदार हा घरोघरी जाऊन प्रचार करणारा ख्रिस्ती पंथ या बाबतीत काटेकोर आहे: त्या महिन्यात प्रचारकार्य केल्याचे कळवणाराच ‘प्रचारक’ म्हणून धरला जातो. २०२३ मध्ये असे प्रचारक जास्तीत जास्त ८८ लाखांच्या आसपास होते, तर येशूच्या मृत्यूच्या स्मरणार्थ वर्षातून एकदाच होणाऱ्या स्मारकविधीला दोन कोटींहून अधिक लोक हजर होते. उत्सवाची गर्दी मोजून चळवळीची ताकद ठरवणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

लोकांना विचारून मोजायचे, तर प्रश्नाची शब्दरचना निर्णायक ठरते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ओहायो राज्यातील एका काउंटीत (जिल्ह्यात) सुमारे ३६ टक्के प्रोटेस्टंटांनी आठवड्याला चर्चला जात असल्याचे सांगितले. प्रत्यक्ष उपस्थिती सुमारे २० टक्केच भरली. संशोधकांनी काही ठिकाणी चर्चबाहेर उभ्या गाड्यासुद्धा मोजल्या होत्या. त्यामुळे ‘आपण नियमित साधना करता का?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘नाही’ म्हणणे साधकाला जड जाते. ‘काल साधना केली का? त्याआधी केव्हा केली होती?’ असे विचारावे.

ध्यानप्रधान चळवळींत अडचण अधिक आहे. विपश्यनेच्या परंपरेत दहा दिवसांचे एक शिबिर पूर्ण करणारा ‘जुना साधक’ होतो, मग नंतर तो एकदाही ध्यानाला बसला नाही तरी. उलट, घरी रोज दोन वेळा बसणारा कोणत्याही हजेरीपटावर नसतो. तेव्हा केवळ उपस्थितीवर विसंबणे मला अन्यायाचे वाटते.

माझ्या मते, एखाद्या वर्षी दीक्षा घेतलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून काही नावे निवडावीत आणि दोन वर्षांनी त्यांनाच वरील प्रश्न विचारावेत. जे भेटणार नाहीत, त्यांना गाळू नये. त्यांचे प्रमाण वेगळे द्यावे. न भेटलेले सगळे साधना करतात असे धरून एक आकडा, त्यांतले कोणीच करत नाही असे धरून दुसरा, आणि सक्रियांचे खरे प्रमाण या दोहोंच्या दरम्यान कुठेतरी. हे अंतर फार मोठे निघाले, तर यादीतले पत्तेच जुने झाले आहेत असे समजून आधी यादी दुरुस्त करावी.