वाचकांचे प्रश्न : लांब इंजिन आणि तीव्र वळण

प्रश्न : यंदाच्या चवथीच्या देखाव्यासाठी मखराच्या बाजूला आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर एचओ या लहान मापाची प्रतिकृती-रेल्वे मांडत आहोत. वळणे 18 इंच त्रिज्येची आहेत. भावाने परदेशातून ‘बिग बॉय’ या अमेरिकी वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती आणली आहे. सरळ रुळांवर ती उत्तम धावते. पण वळणात शिरताच पुढची लहान चाके रूळ सोडतात आणि बोगद्याच्या तोंडाशी बॉयलर घासतो. खोक्यावर तर 18 इंचांचे वळण चालेल असे छापले आहे. मग दोष इंजिनाचा की रुळांचा?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : खोक्यावर छापलेली त्रिज्या म्हणजे इंजिन जिथे अडकून पडत नाही अशी शेवटची मर्यादा होय, तिच्यावर ते निर्धोक धावेल, गाडी ओढेल आणि शोभूनही दिसेल, असे त्यातून समजू नये. 18 इंच म्हणजे 457 मिलिमीटर. एचओचे प्रमाण 1:87 असल्यामुळे खऱ्या रेल्वेच्या हिशेबाने आपले वळण अवघ्या 40 मीटर त्रिज्येचे आहे. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गावर 175 मीटर ही कमाल तीव्रतेची मर्यादा मानतात. ते वळण एचओमध्ये उतरवले तर त्रिज्या दोन मीटरांची होते आणि गाडी नुसती उलट फिरवायलाच चार मीटर रुंदीची खोली लागते. खुद्द खऱ्या बिग बॉयची मर्यादा सुमारे 88 मीटर, म्हणजे आपल्या प्लायवूडवर एक मीटर. घरगुती मांडणीत ही काटकसर अपरिहार्य आहे, परंतु तिची किंमत कुठे मोजावी लागते ते ओळखायला हवे.

बिग बॉय टेंडरसह, म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह, सुमारे 40 मीटर लांब होते. प्रतिकृती 465 मिलिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे आपल्या वळणाच्या त्रिज्येहूनही किंचित जास्त. तरीही ती वळते, कारण एका बॉयलरखाली चार-चार मोठ्या जोडचाकांचे (दांड्याने जोडून एकत्र फिरणाऱ्या चाकांच्या जोड्यांचे) दोन संच आहेत. खऱ्या इंजिनात मागचा संच बॉयलरला पक्का जोडलेला असून फक्त पुढचा फिरतो. प्रतिकृतीत बहुधा दोन्ही फिरते ठेवतात. म्हणून वळणाचा विचार करताना इंजिनाच्या एकूण लांबीपेक्षा एकाच ताठ चौकटीत बसवलेल्या चाकांपैकी पहिल्या व शेवटच्या चाकांमधले अंतर पाहावे. एकूण लांबीचा त्रास होतो तो बोगदा, फलाट आणि शेजारच्या रुळांना.

चाके उतरण्याचे मूळ मला वळणाच्या तोंडाशी दिसते. तिथे सरळ रूळ संपून एकदम पूर्ण वळण लागते आणि लवचीक रूळ वापरले असतील तर सांध्याजवळ त्यांची टोके पुन्हा सरळ व्हायला बघतात, त्यामुळे तिथे बारीकसा कोन पडतो. बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेवरून नख फिरवून पाहावे. डोळ्यांना न दिसलेला कोन नखाला लागतो. दोन तुकडे सरळ असतानाच सांध्यावर डाग देऊन मग एकत्र वाकवले, तर तो पडत नाही. त्यानंतर इंजिन हाताने अगदी हळू ढकलून पुढच्या लहान चाकांकडे बघावे. रूळ सोडण्याआधी चाक थोडे अंतर रुळाच्या माथ्यावरून जाते, त्यामुळे खरी जागा गाडी पडते तिथे नसून दोन-चार बोटे मागे सापडते. चाके वळताना सिलिंडरला टेकत असतील किंवा त्यांच्यावर पुरेसे वजन नसेल, तर तेही याच वेळी कळते. आपल्याकडे चवथ ऐन पावसाळ्यात येते आणि दमट हवेत प्लायवूड फुगते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी व कडांनाही रंगवून घ्यावे.

मात्र खरा उपाय 18 इंचांचा हट्ट सोडण्याचा आहे. 22 इंच त्रिज्येचे, म्हणजे 559 मिलिमीटरचे अर्धवर्तुळ चार फूट रुंदीत बसते आणि दोन्ही कडांना सुमारे 50 मिलिमीटर जागा उरते. सरळ रूळ आठ-दहा मिलिमीटर बाहेर सरकवून ते लांबट वक्राने वळणात मिसळले, तर इंजिन धक्का न बसता आत शिरेल. कडेला पट्टी जरूर ठोकावी, कारण एवढे जड इंजिन टेबलावरून फरशीवर पडले तर त्याची दुरुस्ती होणे कठीण. बोगद्यासाठी बॉयलरच्या मध्याशी आणि टोकांच्या कोपऱ्यांशी पेन्सिल बांधून, खाली कागद पसरून इंजिन हाताने फिरवावे. उमटलेल्या रेषांच्या थोड्या बाहेर बोगद्याचे तोंड घ्यावे. डब्यांचीही अशीच परीक्षा करावी, कारण 200 मिलिमीटर अंतरावर बोग्या (खालचे फिरते चाकगाडे) असलेल्या डब्याचा मध्य 18 इंचांच्या वळणात जवळजवळ 11 मिलिमीटर आत येतो. खरे सांगायचे तर एवढ्या जागेत तीन जोडचाकांचे लहान टँक इंजिन (टेंडरविना, पाणी स्वतःवरच वाहणारे) अधिक शोभते. पण घरातल्या मुलांना ते पटणार नाही, हे मला मान्य आहे.

प्रश्न : माझ्याकडील ब्रिटिश ‘9एफ’ इंजिनाच्या मधल्या चाकांना कड (चाकाला रुळावर धरून ठेवणारा आतल्या बाजूचा काठ) नाही. शिवाय इंजिन व टेंडर यांच्यात बोटभर फट दिसते. हा कारखान्यातला दोष आहे का?
– एक वाचक, वास्को

उत्तर : नाही. 1954 ते 1960 या काळात बांधलेल्या 251 खऱ्या 9एफ इंजिनांचीही मधली चाके कडेविना होती. पाच जोडचाके एका ताठ चौकटीत असली की वळणात मधले चाक रुळाच्या रेषेपासून सरकते. आपल्या प्रतिकृतीत ते अंतर 438 मिलिमीटर त्रिज्येवर सुमारे दोन मिलिमीटर असते. चाकाला कड ठेवली असती तर ती रुळावर चढली असती. हाच प्रश्न आपल्या माथेरानच्या घाटात वेगळ्या रीतीने सोडवला गेला. 1907 मध्ये सुरू झालेल्या त्या दोन फुटी मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्याने दिलेल्या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धत होती, म्हणजे टोकाच्या आसांभोवती पोकळ नळी बसवून चाकांना तिच्यासह वळू दिले होते. प्रतिकृतींत मात्र एवढी कारागिरी क्वचितच दिसते; आसांना आडवी थोडी ढील देऊन भागवतात.

फटीचे म्हणाल, तर टेंडरच्या जोडपट्टीला बहुधा दोन भोके असतात. लांबचे भोक तीव्र वळणासाठी आणि जवळचे कपाटातल्या मांडणीसाठी किंवा मोठ्या त्रिज्येसाठी. वळणे 22 इंचांच्या पुढे असतील तर जवळचे भोक वापरून पाहावे. कॅबचा, म्हणजे चालकाच्या खोलीचा, मागचा भाग टेंडरला टेकला तर मुकाट्याने लांबच्या भोकावर यावे.

प्रश्न : खऱ्या रेल्वेप्रमाणे वळणात बाहेरचा रूळ उंच करावा का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : तीव्र वळणांत करू नये. उंचवटा वेगामुळे येणारा बाहेरचा जोर सावरण्यासाठी असतो आणि प्रतिकृतीच्या वेगाला त्याची गरज पडत नाही. उलट लांब गाडी ओढताना हलके डबे आतल्या बाजूस ताणले जातात आणि बाहेरचा रूळ उंच असेल तर लवकर कलंडतात. रुंद वळणावर केवळ शोभेसाठी बाहेरच्या रुळाखाली जाड कागदाची पट्टी घालायला हरकत नाही, मात्र तिची जाडी एक मिलिमीटरच्या आतच असावी आणि दोन्ही टोकांना ती हळूहळू उतरती करावी.