नववीची सुट्टी: फॉर्म भर, आणि एक झाडही धर

नववीत गेलास ना, मग इस्रोच्या ‘युविका’चा, म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रमाचा, फॉर्म चुकवू नकोस. 2019 पासून हा कार्यक्रम खास नववीच्या मुलांसाठी आहे. मे महिन्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायला मिळतं आणि खर्च इस्रोच करते. निवडीत आठवीच्या मार्कांना सर्वात जास्त वजन असतं. शिवाय ऑनलाइन क्विझ, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट-एनसीसी यांचे गुण धरतात. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेला वेगळे गुण आहेत, म्हणून गावच्या मुलांनी तर बिलकूल मागे राहू नये.

कागद आत्ताच गोळा कर. माझी एक विद्यार्थिनी प्रदर्शनात नंबरात आली होती, पण प्रमाणपत्र शाळेच्या कपाटातच राहिलं आणि तारीख निघून गेली. अजून वाईट वाटतं मला.

पुण्यात असशील तर आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या उन्हाळी उपक्रमाबद्दल शाळेत विचार. तिथे आठवडाभर शास्त्रज्ञाबरोबर प्रकल्प करता येतो.

आणि कुठेच नंबर लागला नाही तरी ‘सीझनवॉच’ हा झाडांमधले ऋतूंचे बदल टिपायचा, सगळ्यांसाठी खुला उपक्रम आहेच. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला तेच बघायचं आणि नोंद पाठवायची. बहावा घे. एप्रिलमध्ये फांदीला मण्यांसारख्या हिरव्या कळ्यांचे घोस दिसतील. त्यातल्या किती उमलल्या, गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा अजून लटकताहेत का, नवी पालवी कधी आली, हे सगळं तारखेसकट वहीत लिही. एकही आठवडा गाळू नकोस. गावाला जाणार असशील तर धाकट्या बहिणीला आधीच शिकवून ठेव.