जागा मागू नका, हॉल चालवायला मागा

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. गावात कबड्डी आणि बॅडमिंटन खेळणारी साठ-सत्तर पोरं-पोरी आहेत. मार्च लागला की दुपारी मैदानावर पाय ठेववत नाही, पावसाळ्यात सगळा चिखल. म्हणून आमच्या मंडळाने (नोंदणी अजून नाही) ६० बाय ४० फुटांचा इनडोअर हॉल बांधायचं ठरवलं. जुन्या तालमीशेजारची ४० आर जागा नगरपंचायतीने ठराव करून मंडळाला ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. सभेला १७ पैकी १३ नगरसेवक होते, ९ जणांनी हात वर केले. ही जागा १९७८ साली गावातल्या एका शेतकऱ्याने तोंडी ग्रामपंचायतीला दिलेली. प्रोसिडिंग बुकात आभाराची नोंद आहे, सातबारा मात्र अजून त्यांच्याच नावावर. त्यांना तीन मुलगे; पुण्यातला नातू आता म्हणतो, जागा आमची. गावाचा विकास आराखडा अजून तयार होतोय. एका नगरसेवकाने ठरावाविरुद्ध कलेक्टरकडे अर्ज दिलाय. माझ्या फोन-पेवर ६ लाख ४० हजार वर्गणी जमली, त्यातले २ लाख शेडवाल्याला उचल दिले. तो म्हणतो, नटबोल्टचं शेड आहे, परवानगी लागत नाही, एकदा उभं राहिलं की कोण पाडतंय? वकीलसाहेब, कामाला लागू का?

उत्तर : सर, लागू नका. शेडवाल्याला आजच फोन करा आणि पाठोपाठ लेखी पत्रही द्या, की लोखंड कापू नकोस. ‘एकदा उभं राहिलं की कोण पाडतंय’ हे वाक्य कोर्टाच्या आवारात पुष्कळ ऐकायला मिळतं, आणि म्हणणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पाडकामाची नोटीस असते.

नटबोल्टचं म्हणून परवानगी नको, हा समज मराठवाड्यात मोंढ्यापासून मंगल कार्यालयांपर्यंत पसरलाय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की वेल्डिंग आणि नटबोल्टमधला फरक तिथे टिकत नाही. विनापरवाना बांधकामाला कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंडही आहे. गुन्हा नुसत्या शेडवाल्यावर नाही, बांधून घेणाऱ्यावरही लागतो. म्हणजे तुमच्यावर.

आता ठराव. नगरसेवक तुम्हाला फसवत होते असं मी म्हणत नाही. त्यांनी चांगल्या मनाने हात वर केले असतील. पण महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ चं कलम ९२ कोणीतरी त्यांना वाचून दाखवायला हवं होतं. स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि प्रस्तावाला एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव जोडावा लागतो. हजर असलेल्यांच्या नाही, एकूणच्या. स्वीकृत सदस्य मोजायचे की नाही हा वाद बाजूला ठेवू. निव्वळ निवडून आलेले १७ धरले तरी १२ हात हवे होते. तुमच्याकडे ९ आहेत.

सरकारकडे न जाता नगरपंचायत स्वतःच्या अधिकारात काय देऊ शकते? तीन वर्षांचा भाडेपट्टा. पुढे वरिष्ठांच्या परवानगीने नूतनीकरण करत सगळी मिळून फार तर नऊ वर्षं. आणि याच पोटकलमात तुमच्या कामाचं वाक्य आहे : अशा जागेवर भाडेपट्टेदाराला कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. एवढं वाचलं की ३० वर्षांच्या ठरावाचा कागद लॅमिनेट करून ठेवण्यापलीकडे उपयोगाचा राहत नाही. बेकायदा ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे, त्यामुळे त्या नगरसेवकाचा अर्ज राजकारणातून आलेला असला तरी पोकळ नाही. त्याच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नका. हा ठराव गेला तर तुमचं नुकसान नाही, कारण तुम्हाला त्यात काही मिळालंच नव्हतं.

तरीही खरी गाठ ठरावात नाही, जागेत आहे. नगरपंचायतीने जी जागा तुम्हाला दिली ती तिच्या नावावर कुठे आहे? १९७८ ची आभाराची नोंद वाचून मन भरून येतं, पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ नुसार जमिनीचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच होतं. देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात. तोंडी शब्द गावात चालतो, दुय्यम निबंधकाकडे नाही. ‘पण पंचेचाळीस वर्षं ताबा आमचा आहे’ हे नगरपंचायतीचे लोक म्हणतील. परवानगीने मिळालेला ताबा कितीही वर्षांचा झाला तरी विरोधी ताबा, म्हणजे मालकाला न जुमानता ठेवलेला आणि त्यामुळे मालकी मिळवून देणारा ताबा, होत नाही. शिवाय सरकारनेच नागरिकाच्या जमिनीवर विरोधी ताब्याचा हक्क सांगणं सर्वोच्च न्यायालयाने विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश या २०२० च्या निकालात सपशेल नाकारलंय. म्हणून नातवाला ‘पुण्यात बसून गावाचं वाटोळं करतो’ असं म्हणणं सोडा. कायद्याच्या दृष्टीने त्याचं म्हणणं तुमच्या ठरावापेक्षा जड आहे.

नातवाशी बोलायच्या आधी एक काम करा. तहसीलमधून त्या गटाचं जुनं खासरा पत्रक (जमिनीची जुनी सरकारी नोंद), सगळे फेरफार आणि सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग काढून आणा. आपल्याकडे निजाम काळातली इनाम जमीन कुठे निघेल सांगता येत नाही. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेली) किंवा खिदमतमाश (धर्मस्थळाच्या सेवेसाठी दिलेली) निघाली, किंवा वर्ग २ लिहिलेलं असलं, तर त्या कुटुंबालाही परवानगीशिवाय जागा देता येणार नाही, आणि मग चर्चा वेगळ्या टेबलावर जाते. साधी वर्ग १ असेल तर रस्ता सोपा आहे.

तो रस्ता म्हणजे कुटुंबाने आता रीतसर बक्षीसपत्र करून द्यायचं, आणि ते मंडळाला नाही, नगरपंचायतीला. हॉलला आजोबांचं नाव द्या. ते नाव देण्याचा ठराव बक्षीसपत्राच्या आधी करून त्याची प्रत कुटुंबाच्या हातात ठेवा. शब्द दिल्यावर कागद नंतर पाठवतो म्हणणाऱ्यांमुळेच १९७८ चं प्रकरण आज तुमच्या दारात आलंय. आता नीट लक्ष द्या : आजोबांच्या मुलांबरोबर मुलीही वारस आहेत. तुम्ही पत्रात तीन मुलांची आणि एका नातवाची माहिती दिलीत, आत्यांचा उल्लेखच नाही. दोन तरी असतील, परभणीकडे किंवा लातूरला दिलेल्या. एका आत्याची सही राहिली तर तिच्या हिश्श्यापुरता दस्त लंगडा, आणि हॉल उभा राहिल्यावर तो हिस्सा कुठल्या भिंतीत आहे हे शोधायला सगळे कोर्टात. त्यांच्या घरी आधी जा. सून किंवा भाचा काय म्हणतो ते नंतर.

बक्षीसपत्रात ‘देणाऱ्याला वाटेल तेव्हा परत घेता येईल’ असं कोणी घालायला सांगेल. कलम १२६ प्रमाणे नुसत्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस कायदा मानत नाही, तेव्हा असं वाक्य लिहून दस्त नासवू नका. ‘खेळाच्या सार्वजनिक वापरासाठी’ एवढा हेतू ठळक लिहा. बस.

कुटुंब तयार नसेल तर? गावाचा विकास आराखडा अजून तयार होतोय असं तुम्ही लिहिलंय. मसुदा जाहीर झाल्यावर मुदतीत सूचना द्या आणि जागेवर आरक्षण मागा. ते ‘क्रीडांगण’ असं नको, ‘क्रीडा संकुल’ असं मागा. मैदानाच्या आरक्षणात छताखालच्या बांधकामाला मर्यादा येतात. पण आरक्षण म्हणजे मालकी नाही. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत काही हाललं नाही तर आरक्षण संपतं. नगरपंचायतीच्या तिजोरीची अवस्था तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यापेक्षा नगरपंचायतीच्या स्वतःच्या नावावर, कमी मोक्याची का होईना, दुसरी जागा आहे का बघा. बायपासलगतच्या जमिनीला भाव आला की नातवंडांना आजोबा आठवतात, हे सगळ्या मराठवाड्यात चाललंय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त घोर तुमच्या फोन-पेचा आहे. मंडळ नोंदणीकृत नाही आणि ६ लाख ४० हजार रुपये तुमच्या वैयक्तिक खात्यात. गणपतीला मंडळं धर्मादाय कार्यालयातून वर्गणीची परवानगी घेतात, ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली. नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर ते कलम हॉललाही तेवढंच लागू. दुसरं, तुम्ही जिल्हा परिषदेचे कर्मचारी. वर्गणी मागायला वर्तणूक नियमांप्रमाणे आधी परवानगी लागते. ज्या नगरसेवकाने कलेक्टरकडे अर्ज दिला त्याला उद्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे दुसरा अर्ज द्यायला कितीसा वेळ लागणार? तुमचा हेतू स्वच्छ आहे हे गाव जाणतं. चौकशी अधिकारी बँकेचा उतारा बघतो.

तेव्हा वर्गणी आजपासून बंद. कोणी किती दिले, कधी दिले, त्यातून काय खर्च झालं, याची यादी करून शाळेच्या नव्हे, तालमीच्या फलकावर लावा. ज्याला परत हवेत त्याला खात्यातूनच परत द्या, रोखीने नको. सात जण मिळून संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदणी करा. तुम्ही विश्वस्त किंवा सचिव होण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत रीतसर परवानगी मागा. ती येईपर्यंत सहीला दुसरा माणूस ठेवा, म्हणजे गावातला एखादा निवृत्त फौजी किंवा ग्रामसेवक. मग संस्थेचं खातं उघडून उरलेली रक्कम तिकडे वळवा आणि त्याचा ठराव ठेवा.

आता मूळ मागणी कशी लिहायची ते सांगतो. आजवर तुम्ही जागा मागत होता. ती मागू नका. जागा नगरपंचायतीची, इमारत नगरपंचायतीची, आणि तुम्ही ती चालवायची. कलम ९२ चा अडसर बराच सैल होतो, कारण मालमत्ता कुणाला जात नाही. परवानगी, संरचनेचं डिझाइन, निविदा हे सगळं मुख्याधिकाऱ्यांच्या डोक्यावर राहतं. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, ते करारात कोणाकडे ते लिहून घ्या. पैसाही सुटा होतो : क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या अनुदान योजना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आहेत, जिल्हा नियोजनाचा निधी आहे, आणि तुमची लोकवर्गणी नगरपंचायत ठरावाने स्वीकारून स्वतंत्र शीर्षाखाली ठेवू शकते.

चालवण्याचं काम मात्र थेट तुमच्या मंडळाला द्या असं लिहू नका. सार्वजनिक मालमत्ता जाहिरात न देता एखाद्या संस्थेच्या पदरात टाकणं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात रद्द केलंय. जाहीर प्रगटन निघू द्या. दुसरं मंडळही अर्ज करेल. करू द्या. सहा वर्षं पहाटे पोरांना पळवणारा माणूस आणि निवडणुकीच्या वर्षी बॅनर लावणारा माणूस, यांच्यात निवड करायचे निकष तुम्ही प्रस्तावातच सुचवू शकता : किती खेळाडू, कोण प्रशिक्षक, मुलींसाठी राखीव वेळ, फीचा कमाल आकडा, हिशेब दर तिमाहीला फलकावर.

आणि शेडवाल्याचा नकाशा बदला. ६० बाय ४० फुटांत बॅडमिंटनचं एक मैदान (१३.४ बाय ६.१ मीटर) आणि पुरुषांचं कबड्डीचं (१३ बाय १० मीटर) आलटून पालटून बसेल, खो-खो अजिबात नाही, त्याला लांबीच २७ मीटर लागते. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि हा खेळ आता मॅटवर, छताखाली गेलाय. ज्या हॉलमध्ये खो-खो बसत नाही तो मराठवाड्यात कोणासाठी बांधायचा? लेखी उद्दिष्टात खेळांची नावं आणि मापं घाला. उद्या तिथे लग्नाच्या पंगती बसवायचं कोणाच्या मनात आलं तर अडवायला तोच कागद कामी येईल.

राहिले शेडवाल्याचे २ लाख. पावती आणि कोटेशन शोधा. माल घेतला नसेल तर पैसे परत मागा, पंधरा दिवसांची मुदत देऊन. घेतला असेल तर बिलाची प्रत आणि मालाची यादी घेऊन ठेवा आणि तो माल त्याच्याच आवारात पडू द्या. नगरपंचायतीची निविदा निघेल तेव्हा त्यानेही भरावी.