विमानाच्या रिव्हेटभोवती पांढरी पूड

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या आवारात हवाई दलाचं जुनं मिग-२१ उभं आहे. पावसाळा संपला की पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटभोवती (खिळ्यांभोवती) पांढरी पूड दिसते. नुसता रंग मारून भागेल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही, रंग मारू नका! ती पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. खाडीच्या वाऱ्याबरोबर मीठ येतं, ओल धरतं, आणि जिथे पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला टेकतो तिथे ॲल्युमिनियम आधी झिजतं. वरून रंग दिला तर आतल्या आत पत्र्याचे पापुद्रे सुटतात.

आधी गोड्या पाण्याने, सौम्य साबणाने धुवा. प्रेशर पंप नको, सांध्यांत पाणी घुसतं. पूड नायलॉनच्या ब्रशने काढा. तारेचा ब्रश तर मुळीच नको, लोखंडाचे कण रुतून नवा गंज धरतो. जुना पिवळट-हिरवा प्रायमर कोरडा घासू नका, त्यातलं क्रोमेट विषारी असतं. पूर्ण सुकल्यावरच ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर, मग रंग.

पोटाखालची निचऱ्याची भोकं बांबूच्या काडीने मोकळी करा; पालापाचोळा आणि कबुतरांची घाण तिथेच तुंबते. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) ॲक्रिलिकची असते, अमोनियाचा काचक्लीनर लावला की बारीक तडे जातात.